डायल एक सांगतो, स्क्रीन दुसरेच: डायलवाल्या डिजिटल कॅमेऱ्यावर हाताने एक्स्पोजर कसे लावावे

वरच्या पट्टीवर आकडे कोरलेले डायल असलेले डिजिटल कॅमेरे आता बरेच जण वापरतात. फुजीफिल्मची एक्स-टी मालिका, एक्स१००, निकॉनचे झेड एफसी आणि झेड एफ हे त्यातले नेहमी दिसणारे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातातही तेच असतात आणि तक्रारही एकच असते: "सगळं मॅन्युअलवर ठेवलंय, तरी एक फोटो काळा येतो, दुसरा पांढराफटक." कॅमेरा हातात घेऊन पाहिला की बहुतेक वेळा काहीतरी एक मॅन्युअलवर नसतेच. आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते) ए म्हणजे ऑटोवर राहिलेला असतो, नाहीतर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करणारा डायल बॅगेत घासून सरकलेला असतो.

या लेखात एकच गोष्ट पक्की करायची आहे. डायलवरचा आकडा म्हणजे तुम्ही दिलेला हुकूम. कॅमेऱ्याने प्रत्यक्ष काय केले ते व्ह्यूफाइंडरच्या खालच्या ओळीत दिसते. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर का नाहीत ते कळेपर्यंत शटर दाबू नका.

मेनूची नावे आणि आकडे मी फुजीफिल्म एक्स-टी५ धरून देतो, कारण त्याच्यावर तिन्ही डायल आणि बहुतेक लेन्सवर अपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे ते) ठरवणारी रिंग असते. निकॉनवर जे वेगळे आहे ते शेवटी स्वतंत्र घेतले आहे.

## तयारी: कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे

या कॅमेऱ्यावर पी, ए, एस, एम असा मोडचा डायल नाही. मोड तुम्ही चार जागांवरून ठरवता: लेन्सवरची अपर्चर रिंग, उजवीकडचा शटर डायल (प्रकाश किती वेळ आत येईल ते), डावीकडचा आयएसओ डायल आणि उजव्या टोकाचा कॉम्पेन्सेशन डायल. पहिल्या तीनवर 'ए' असा खुणेचा थांबा असतो. ए म्हणजे ती गोष्ट कॅमेऱ्याच्या हातात, आकडा म्हणजे तुमच्या हातात.

रिंग आकड्यावर आणि शटर ए वर असेल तर ते अपर्चर प्रायॉरिटी झाले. शटर आकड्यावर आणि रिंग ए वर असेल तर शटर प्रायॉरिटी. दोन्ही आकड्यांवर असतील तर कॅमेरा स्क्रीनवर 'एम' दाखवतो, आणि फसगत होते ती इथेच. एम दिसले म्हणजे एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) पूर्ण तुमच्या हातात आले असे नव्हे. आयएसओ अजून ए वर असू शकतो. मग तुम्ही शटर १/१२५ वरून १/५०० केले तरी फोटो तेवढाच उजळ येतो, कारण कॅमेऱ्याने मागच्या मागे आयएसओ दोन स्टॉप, म्हणजे दोनदा दुप्पट, वाढवलेला असतो. "डायल फिरवूनही काही होत नाही" या तक्रारीचे हे पहिले कारण.

सगळ्याच लेन्सवर रिंग सारखी नसते. फुजीफिल्मच्या एक्सएफ मालिकेतल्या ठरावीक फोकल लांबीच्या (झूम नसलेल्या) लेन्सवर आकडे कोरलेले असतात. १८-५५ सारख्या झूमवर रिंग असते पण तिच्यावर आकडे नसतात, आणि ऑटो की हाताने हे ठरवणारा खटका नळीच्या बाजूला असतो. एक्ससी मालिकेतल्या लेन्सवर रिंगच नसते, तिथे अपर्चर कमांड डायलने (बॉडीवरच्या, आकडे नसलेल्या चाकाने) बदलते. आपली लेन्स यातली कोणती हे घरीच पाहून ठेवा.

तपासणी: कॅमेरा बंद ठेवून चारही जागांवरचे आकडे मोठ्याने वाचा. मग सुरू करून स्क्रीनवरचे वाचा. हे रोज दोन मिनिटे आठवडाभर केले की नजर आपोआप तिकडे जाते.

## १. आधी लपलेले मदतनीस बंद करा

हाताने एक्स्पोजर लावायला बसण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पोटातल्या काही सेटिंग बदलाव्या लागतात. ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात आणि पुढे तासभर चुकीचे कारण शोधत बसतात.

एक्स्पोजर प्रिव्ह्यू. स्क्रीन सेटअपमध्ये 'प्रिव्ह्यू एक्स्पोजर/व्हाइट बॅलन्स इन मॅन्युअल मोड' ही सेटिंग आहे. ती एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही दाखवण्यावर ठेवा. ती बंद असेल तर व्ह्यूफाइंडर नेहमी छान उजळ दिसतो आणि फोटो मात्र काळा निघतो. हिस्टोग्रामही (फोटोत काळे ते पांढरे किती आहे ते दाखवणारा आलेख) मग विश्वासाचा राहत नाही. फक्त फ्लॅश लावताना ती बंद करायची असते, त्याबद्दल पुढे येईल.

नॅचरल लाइव्ह व्ह्यू. हा बंद ठेवा. तो सावल्या उजळवून दाखवतो. डोळ्यांना बरे वाटते, पण एक्स्पोजर ठरवायला निरुपयोगी आहे.

डायनॅमिक रेंज (डीआर). उजळ भागांतला तपशील वाचवणारी ही सेटिंग सुरुवातीला डीआर १०० वर ठेवा. एक्स-टी५ वर डीआर २०० साठी आयएसओ किमान २५० आणि डीआर ४०० साठी किमान ५०० लागतो. आयएसओ ए वर असताना डीआर ४०० चालू असेल तर भर उन्हातही आयएसओ ५०० च्या खाली उतरत नाही आणि माणूस गोंधळतो. एक्स-टी३ आणि एक्स-टी४ वर मूळ आयएसओ १६० आहे, म्हणून तिथे हेच आकडे ३२० आणि ६४० होतात.

शटर प्रकार. मेकॅनिकलवर ठेवा. त्याची हद्द १/८००० आहे आणि ती भरपूर झाली. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज न करता चालते, पण दिव्यांखाली पट्टे आणि हलणाऱ्या वस्तूंचा तिरकेपणा मुख्यतः त्यातून येतो.

शटर स्पीड ऑपरेशन. बटण आणि डायलच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. तो चालू असला की मागचा कमांड डायल शटरचा वेग डायलवरच्या आकड्याच्या आसपास एक तृतीयांश स्टॉपने सरकवतो. ही सोय कामाची आहे, पण अंगठा नकळत लागला की डायलवर १२५ आणि स्क्रीनवर १६० असे होते. शिकत असाल तर पहिले काही आठवडे हा पर्याय बंद ठेवा.

सावध: एक्स१०० व्ही वापरत असाल तर आतला एनडी फिल्टर चालू राहिलेला नाही ना, ते पाहा. तो चार स्टॉप प्रकाश कापतो. सगळे डायल बरोबर असूनही आकडे जुळत नसतील तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

## २. एक टिक म्हणजे किती, हे बोटांना शिकवा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण डायलवाल्या कॅमेऱ्याची खरी मेख इथे आहे.

स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. अपर्चरचे पूर्ण स्टॉप १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जातात. शटरचे १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. आयएसओचे १२५, २५०, ५००, १०००, २०००. इथवर बहुतेकांना माहीत असते.

माहीत नसते ते हे: चारही जागांवर एक टिक सारखी नाही. शटर डायलची एक टिक म्हणजे पूर्ण एक स्टॉप. अपर्चर रिंगची एक टिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. आयएसओ डायल आणि कॉम्पेन्सेशन डायल यांचीही एक टिक एक तृतीयांशच. त्यामुळे शटर एक टिक वेगवान केले आणि भरपाई म्हणून रिंग एक टिक उघडली, तर फोटो दोन तृतीयांश स्टॉप काळा येणार. शटरच्या एका टिकेला रिंगच्या तीन टिका, असे गणित डोक्यात नव्हे, बोटांत बसले पाहिजे.

त्यासाठी एक सराव सांगतो. दिवसा घरात खिडकीसमोरची, उजेड न बदलणारी भिंत घ्या. एफ/५.६, १/१२५ आणि जमेल तो आयएसओ लावून मीटर (व्ह्यूफाइंडरमधली प्रकाश मोजणारी पट्टी) शून्यावर आणा. आता डोळे व्ह्यूफाइंडरला लावूनच शटर एक टिक वाढवा आणि रिंग तीन टिका उघडा, म्हणजे एफ/४ आणि १/२५०. मीटर पुन्हा शून्यावर आला पाहिजे. परत या आणि उलट्या दिशेने एफ/८, १/६० करा. पुन्हा शून्य. दहा-पंधरा वेळा केले की बोटे मोजायला लागतात. रिंगची दिशाही याच सरावात लक्षात राहते, नाहीतर ऐन वेळी उघडायची तेव्हा बंद होते.

शटर आणि आयएसओ या प्रत्येक डायलच्या मधोमध कुलुपाचे बटण असते. एकदा दाबले की डायल अडकतो, परत दाबले की सुटतो. घाईत डायल फिरत नाही म्हणून जोर लावू नका, आधी ते बटण दाबून पाहा. कॉम्पेन्सेशन डायलला मात्र कुलूप नाही. एका घरच्या लग्नात माझा तो डायल कॅमेरा बॅगेतून काढताना उणे १ १/३ वर सरकला होता. मी अपर्चर प्रायॉरिटीवर होतो, आणि हळदीचे सगळे फोटो अंधारे आले. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी माहिती) होत्या म्हणून बरेचसे वाचले, पण सावलीतल्या चेहऱ्यांचा पोत गेला तो गेलाच. तेव्हापासून कॅमेरा बॅगेबाहेर आला की माझा अंगठा आधी त्या डायलवर जातो.

## ३. आयएसओ पहिला, आणि तो हलवायचा नाही

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आयएसओ, मग चित्राला ज्याची गरज आहे ते (अपर्चर किंवा शटर), आणि उरलेले शेवटी.

आयएसओ पहिला का? कारण तो जागेनुसार ठरतो, फोटोनुसार नाही. भर उन्हात १२५ ते २५०. ढगाळ दिवशी किंवा झाडाखाली २५० ते ५००. घरात खिडकीच्या उजेडात ८०० ते १६००. दिव्यांच्या उजेडात, मांडवात, नाट्यगृहात ३२०० ते ६४००. जागेवर पोहोचलात की हा एक आकडा लावा आणि ती जागा सोडेपर्यंत त्याला हात लावू नका. तिन्ही गोष्टी एकाच वेळी हलवणाऱ्याला कोणत्या बदलाने काय झाले ते कधीच कळत नाही.

नवखे लोक आयएसओ वाढवायला घाबरतात आणि संध्याकाळच्या चालत्या माणसाचा फोटो १/३० ने काढतात. कणीदार फोटो पाहता येतो, हललेला चेहरा सावरता येत नाही. शंका असेल तेव्हा आयएसओ एक स्टॉप वर ठेवा.

सावध: आयएसओ डायलवर ए च्या शेजारी सी असाही थांबा असतो. सी वर असताना आकडा कमांड डायलने बदलतो, म्हणजे डायल पाहून काहीच कळत नाही. शिकताना सी वापरू नका. शटर डायलवरचा टी सुद्धा तसाच. तो उपयोगाचा आहे, पण तेव्हा वेग फक्त स्क्रीनवर वाचता येतो.

## ४. चित्राला काय हवे ते दुसरे

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: या फोटोत हालचाल महत्त्वाची की खोली, म्हणजे पुढचे-मागचे किती स्पष्ट दिसते ते?

हालचाल असेल तर शटर आधी लावा. चालणाऱ्या माणसांना १/२५०. खेळणाऱ्या मुलांना १/५००. रिंगणातल्या घोड्याला १/१००० किंवा जास्त. स्थिर माणसालाही १/१२५ च्या खाली जाऊ नका, कारण बोलता बोलता माणूस हलतोच. तुमच्या हाताच्या थरथरीसाठी साधा नियम असा की, वेग निदान फोकल लांबीच्या दीडपटीइतका हवा. ३५ च्या लेन्सला १/६०, ५६ च्या लेन्सला १/१२५. एक्स-टी५ चा सेन्सर ४० मेगापिक्सेलचा आहे आणि त्यावर किंचित थरथरही दिसते, म्हणून शक्य असेल तर आणखी एक टिक वेगवान ठेवा. बॉडीतले स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरते, समोरचा माणूस नाही.

खोली महत्त्वाची असेल तर रिंग आधी लावा. एकाच चेहऱ्यासाठी एफ/२ ते एफ/२.८. तीन-चार माणसे दोन रांगांत असतील तर एफ/५.६. गडावरून दिसणारी डोंगररांग असेल तर एफ/८. एफ/१६ वर जाऊन सगळे अधिक धारदार होईल असे समजू नका. इतक्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) उलट मऊपणा येतो.

सावध: १८-५५ ची झूम १८ वर एफ/२.८ उघडते आणि ५५ वर फक्त एफ/४. मॅन्युअलमध्ये १८ वर एफ/२.८ लावून एक्स्पोजर ठरवले आणि मग झूम केले, तर डायलला हात न लावताही फोटो एक स्टॉप काळा होतो. अशा लेन्सवर मॅन्युअल काम करताना एफ/४ किंवा त्याहून बंदच ठेवा, म्हणजे झूमभर आकडा टिकतो.

## ५. तिसरा आकडा मीटर पाहून, पण मीटरचे ऐकून नाही

आयएसओ आणि एक मुख्य गोष्ट ठरली. उरलेली तिसरी गोष्ट मीटरची पट्टी पाहून लावायची. ही पट्टी व्ह्यूफाइंडरच्या डावीकडे उभी दिसते.

इथे सगळ्यात मोठी चूक होते: लोक काटा शून्यावर आणतात आणि काम झाले असे मानतात. मीटरला समोर काय आहे ते माहीत नसते. जे दिसेल ते मधल्या करड्या छटेचे आहे असे धरून तो हिशोब करतो. चौकट पांढऱ्या रंगाने भरली तर तो पांढऱ्याला करडे करतो, काळ्याने भरली तर काळ्यालाही करडे करतो.

आषाढी वारीत पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली असेल तर शून्यावरचा फोटो मळकट येणारच. तिथे काटा अधिक दोन तृतीयांश ते अधिक १ वर हवा. पावसाळी धुक्यातल्या सह्याद्रीलाही तेच, अधिक १. ओल्या काळ्या कातळाची भिंत किंवा बसाल्टमधले लेणे चौकटभर असेल तर उलट उणे दोन तृतीयांश ते उणे १, नाहीतर दगड राखाडी होतो. रंगमंचावर मागे सगळा अंधार आणि एका नटावर प्रकाशाचा झोत असेल तर मीटर अंधार उजळवायला निघतो आणि चेहरा जळतो. तिथे मल्टी मीटरिंग (पूर्ण चौकटीवरून मोजणे) सोडून स्पॉट (छोट्या ठिपक्यावरून मोजणे) घ्या आणि चेहऱ्यावरूनच मोजा.

आता एक पूर्ण उदाहरण. वारी, सकाळी दहा, ढग आहेत पण उजेड चांगला. जागेसाठी आयएसओ ५०० लावला. माणसे चालत आहेत आणि झांजा हलत आहेत, म्हणून शटर ५००. राहिली रिंग. एफ/८ वर मीटर अधिक १ च्या जवळ दाखवतो, कारण चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली आहे. काटा शून्यावर आणण्यासाठी एफ/११ करावेसे वाटेल. करू नका. एफ/८ बरोबर आहे. पाच मिनिटांनी समोरून गडद नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियांचा गट आला. मीटर आता उणे दाखवू लागेल. तरीही रिंगला हात लावू नका. उजेड बदललेला नाही, फक्त कपडे बदलले आहेत. हाताने एक्स्पोजर लावण्याचा सगळा फायदा याच क्षणी मिळतो. ऑटोवर पांढरे सदरे मळके आणि गडद साड्या फिकट आल्या असत्या, इथे दोन्ही आपापल्या रंगात येतात.

शंका असेल तर आपला तळहात वापरा. ज्या उजेडात समोरचा माणूस आहे त्याच उजेडात तळहात धरून स्पॉटने मोजा. तळहात मधल्या छटेपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून काटा अधिक १ वर आला की आकडे बरोबर. हाताहाताची छटा थोडी निराळी असते, म्हणून घरी एकदा करड्या कार्डाशी ताडून आपल्या तळहाताचा नेमका फरक लिहून ठेवा.

सावध: पूर्ण मॅन्युअलवर, म्हणजे आयएसओसुद्धा आकड्यावर असताना, कॉम्पेन्सेशन डायल फिरवून फोटोत काहीही फरक पडत नाही. "अधिक २ केलं तरी उजळ होत नाही" असे विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. त्या डायलचा परिणाम दिसण्यासाठी काहीतरी एक ए वर असावे लागते.

## ६. एक चाचणी फोटो आणि दोन नजरा

एक फोटो काढा. स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नका, उन्हात तो कमी वाटतो आणि रात्री जास्त. हिस्टोग्राम पाहा. उजव्या भिंतीला टेकून डोंगर कापलेला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. लाइव्ह व्ह्यू हायलाइट अलर्ट चालू ठेवला तर फोटो काढण्यापूर्वीच जळलेले भाग लुकलुकताना दिसतात. लुकलुकणारे काय आहे ते बघा: पितळी समईची चमक किंवा सूर्य असेल तर हरकत नाही, कपाळ किंवा सदरा असेल तर शटर एक टिक वेगवान करा.

हिस्टोग्राम आणि अलर्ट जेपेगवरून (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोवरून) बनतात. रॉ फाइलमध्ये उजळ बाजूला त्याहून थोडी जास्त जागा असते, पण तिच्या भरवशावर राहण्याची सवय लावू नका.

दुसरी नजर आकड्यांवर टाका. फोटोच्या माहितीत अपर्चर, शटर, आयएसओ वाचा आणि कॅमेऱ्याच्या वरच्या डायलशी ताडून पाहा. जुळले? मग पुढे.

## ७. उजेड बदलला की

ढग आला, माणूस सावलीत गेला, दुपार कलली. अशा वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचे नाही. एकच डायल हलवा, आणि कोणता ते आधीच ठरवलेले असू द्या. हालचालीच्या कामात मी रिंग हलवतो, चेहऱ्यांच्या कामात शटर.

उजेड क्षणाक्षणाला बदलत असेल, जसे मिरवणुकीत किंवा दाट झाडीच्या पायवाटेवर, तर मी खुशाल आयएसओ ए वर टाकतो. रिंग आणि शटर हातात, आयएसओ कॅमेऱ्याकडे, आणि आता कॉम्पेन्सेशन डायल जिवंत होतो. पांढरे कपडे आले की अंगठ्याने दोन टिका वर, काळी भिंत आली की दोन टिका खाली. मात्र ऑटो आयएसओची वरची मर्यादा आधी मेनूत ठरवा, मी ६४०० ठेवतो. त्याच मेनूतला किमान शटर वेगाचा आकडा फक्त शटर ए वर असतानाच लागू होतो, इथे त्याचा संबंध येत नाही.

## विजेच्या दिव्यांखाली

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० या वेगाला प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन सापडते आणि उजेड सारखा येतो. १/२५० ला एका फोटोत दिवा चढलेला, दुसऱ्यात उतरलेला, म्हणून एकच आकडे असूनही फोटो वेगवेगळे येतात.

पण शटर डायलवर ५० ही नाही आणि १०० ही नाही, तिथे ६० आणि १२५ आहेत. म्हणून सभागृहात शटर स्पीड ऑपरेशन पुन्हा चालू करा, डायल १२५ वर ठेवा आणि मागच्या कमांड डायलने एक टिक खाली येऊन १/१०० करा. किंवा शटर टी वर नेऊन सरळ १/१०० निवडा. डायल आणि स्क्रीन जुळू नयेत अशी ही एकमेव जागा, आणि इथे तुम्ही ते जाणूनबुजून केले आहे.

मंद करता येणारे सजावटीचे एलईडी या नियमात बसत नाहीत. त्यांच्यासाठी आधी दोन-तीन वेग तपासून पाहणे हाच मार्ग.

## फ्लॅश लावला तर

स्टुडिओचे दिवे किंवा मॅन्युअल फ्लॅश असतील तेव्हा एफ/८, १/१२५, आयएसओ १२५ अशा आकड्यांना खोलीतला उजेड नगण्य असतो. प्रिव्ह्यू चालू असेल तर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो आणि लोक घाबरून डायल फिरवायला लागतात. इथे प्रिव्ह्यू बंद करा. शटर डायलवरच्या २५०एक्स (१/२५०) या खुणेच्या पुढे नेऊ नका, नाहीतर फोटोत काळा पट्टा येतो. काम संपले की प्रिव्ह्यू लगेच चालू करा. दुसऱ्या दिवशी उन्हात हीच सेटिंग विसरल्याने दिवस वाया गेलेला मी पाहिला आहे.

## निकॉन झेड एफ आणि झेड एफसी वापरणाऱ्यांसाठी

डायल तसेच दिसतात, पण त्यांच्या मागची रचना वेगळी आहे. आयएसओ डायलखाली मोडचा खटका आहे. तो ए किंवा पी वर असेल तर शटर डायल कितीही फिरवा, काही होणार नाही. हाताने काम करायचे तर खटका एम वर हवा.

दुसरे, आयएसओ डायलवर ए नाही. ऑटो आयएसओ मेनूतून चालू-बंद होतो. तो चालू राहिला तर डायलवर ४०० असतानाही कॅमेरा त्याहून वरचा आयएसओ वापरू शकतो. म्हणून इथे डायल वाचण्याआधी मेनू तपासा. अपर्चर कमांड डायलने बदलते आणि वरच्या पट्टीवरच्या छोट्या खिडकीत दिसते, किंवा लेन्सच्या कंट्रोल रिंगला ते काम देता येते. शटरचे मधले वेग हवे असतील तर डायल '१/३ स्टेप' या थांब्यावर न्या.

## शूट संपल्यावर

कॅमेरा बॅगेत टाकण्याआधी कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. आयएसओ मूळ आकड्यावर, शटर १२५ वर, रिंग ५.६ वर ठेवा आणि कुलुपांची बटणे दाबा. ज्या दिवशी कोणीतरी अचानक दारात उभे राहून "पटकन एक फोटो काढ ना" म्हणेल, त्या दिवशी दिवसाउजेडी हे आकडे दोन टिकांच्या अंतरावर असतील. रात्री असेल तर आयएसओ डायल ३२०० वर न्या, आणि शटर दाबण्याआधी खालची ओळ वाचा.